न मिटणारी सुरी

१

सुरुवातीलाच माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे, शाळा आठवीत सुटली, आणि मोठे शब्द मला पेलत नाहीत. ‘मी, मी’ लिहिताना पेन अडतं, म्हणून ‘तो’ लिहितो. सांभाळून घ्यावं.

तर तो उंच इमारतींच्या काचा पुसायचा. गच्चीवरून दोर सोडायचे, अंगात पट्टा चढवायचा, कठड्यावरून पाठमोरं खाली उतरायचं आणि वरच्या मजल्यापासून एकेक काच पुसत जमिनीला लागायचं. प्रत्येकाला दोन दोर. एक पांढरा, कामाचा, ज्यावर माणूस बसतो. दुसरा लाल, जिवाचा. पांढरा गेला तर लाल धरतो. टोळीत सहा माणसं, तीन जोड्या. त्याची जोडी भाऊजींशी होती. भाऊजी म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा. त्यांनीच त्याला कामाला लावलं होतं आणि त्यांच्याच घरातल्या मागच्या खोलीत तो राहायचा. बोलणं त्याच्या जिवावर यायचं, म्हणून टोळीत त्याला मुक्या म्हणत. त्याला या नावाचा राग नव्हता. मुक्याकडून कोणी उत्तराची वाट बघत नाही.

त्या महिन्यात दुसऱ्या जोडीतल्या एकाचा हातमोजा दोराबरोबर पट्ट्यावरच्या लोखंडी कडीत ओढला गेला आणि तो माणूस सोळाव्या मजल्यापाशी पंचवीस मिनिटं लटकून राहिला. खिशात चाकू होता, पण घडीचा. मोजे घातलेल्या हाताने तो उघडेना, आणि शेवटी निसटून खाली गेला. नशिबाने खाली कोणी नव्हतं.

“घडीची खेळणी आता घरी ठेवायची,” मुकादम दुसऱ्या दिवशी म्हणाला. “प्रत्येकाने न मिटणारी सुरी घ्यायची. छोटी, म्यानातली, एका हाताने निघणारी. पंधरा दिवसांनी, सोमवारी, मला सगळ्यांच्या कमरेला दिसली पाहिजे.”

“आणि घरी भाजी चिरायला नेली तर चालेल का?” कोणीतरी विचारलं.

“चालेल. धुऊन आण.”

खरं तर सुरी असते जोडीदारासाठी. जोडीदार बेशुद्ध होऊन लटकला, तर त्याच्यापर्यंत जायचं, त्याचा पट्टा कडीने आपल्या पट्ट्याला अडकवायचा, मग त्याचे दोन्ही दोर कापायचे आणि दोघांनी आपल्या दोरावर खाली यायचं. भाऊजींनी त्याला हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

“आधी कडी, मग सुरी,” ते म्हणाले होते. “हात रिकामा असला, नुसती नक्कल करत असलास, तरी आधी कडी. हाताला डोकं नसतं. त्याला जे शिकवशील ते तो करून बसतो.”

२

दोर, कड्या, पट्टे विकणारं दुकान एक बाई चालवायच्या. केस पांढरे, मनगटं पुरुषासारखी. त्याने खाली बघत “सुरी” एवढंच म्हटलं, तर त्यांनी जाड फडक्यावर पाच सुऱ्या मांडल्या.

“हात दे,” त्या म्हणाल्या, आणि त्याच्या तळव्यावर एक सुरी आडवी ठेवून बघितली. “चार बोटांचं पातं पुरे. याहून लांब घेतलीस तर बसताना मांडीत टोचेल. टोक बोथट हवं. तुला कोणाला भोसकायचं नाही ना?”

त्याने घाईघाईने मान हलवली.

“गंमत केली रे.” त्यांनी म्यान उलटं धरून जोरात झटकलं. सुरी जागची हलली नाही. “असं धरलं पाहिजे. आणि मूठ रंगीत घे. काळी असली आणि खाली पडली की सापडत नाही.”

पाचांतल्या दोन त्याला बऱ्या वाटल्या. एकीची धार साधी होती. दुसरीचं पातं दातेरी होतं, करवतीसारखं. कुठली घ्यावी ते कळेना. तो एक उचलायचा, ठेवायचा, दुसरी उचलायचा.

“दोन्ही घेऊन जा,” बाई म्हणाल्या. “दुकानात उभं राहून सुरी पसंत पडत नसते. आठ दिवस घरी वापर. कमरेला लाव, डोळे मिटून काढ, रोज पन्नास वेळा काढ. जी हाताला बसेल ती ठेव, दुसरी परत आण.”

३

मागच्या खोलीत एक पलंग आणि एक लोखंडी कपाट होतं, आणि त्यांच्या मधे हात पसरता येईल एवढी एकच जागा. कामावरून आल्यावर, बाहेर अजून उजेड असताना, तो तिथे उभा राहिला. साधी सुरी कमरेला लावली. डोळे मिटले. सुरी काढायची, छातीच्या उंचीवर डावीकडून उजवीकडे ओढायची, परत म्यानात घालायची.

आधी कडी अडकवायची नक्कल त्याने केली नाही. सराव थोडाच करतोय, सुरी पारखतोय, असं त्याने मनाला सांगितलं. शिवाय एकट्याने हवेत कडी अडकवायची त्याला लाज वाटली. खोलीत बघायला कोणी नव्हतं, तरी वाटली.

तिसाव्या-बत्तिसाव्या वेळी पातं किंचित अडलं. भरल्या बादलीतून बोट ओढावं, तेवढंच. त्याने डोळे उघडले. समोर कपाट होतं, त्याच्यावर ताईने ठेवलेल्या गाद्या होत्या. त्याने शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि पुन्हा ओढलं. पुन्हा तेच. कोळिष्टक असेल म्हणून त्याने हात फिरवला, मग झाडू फिरवला. झाडूला काही लागलं नाही.

खिडकीपाशी जाऊन ओढलं तेव्हा हात मोकळा गेला. दारापाशीही मोकळा. पलंगाच्या कडेला परत आला आणि पातं परत अडलं. या वेळी त्याने हळू ओढून बघितलं. पातं एकदा अडत नव्हतं, दोनदा अडत होतं. एकदा, मग चार बोटं पुढे गेल्यावर पुन्हा एकदा.

खांदा आखडला की असं होत असणार, त्याने ठरवलं. दिवसभर काच घासून हाताच्या शिरा जागच्या हलतात. बाईंनी पन्नास सांगितले होते, त्याने पन्नास पुरे केले.

“खांदा का चोळतोयस?” जेवताना ताईने विचारलं.

“असंच.”

“असंच म्हणे. याच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे विहिरीतून घागर काढायची,” ती भाऊजींना म्हणाली. तिला सातवा महिना होता आणि ताट पोटावर टेकवून जेवायची नवी सवय तिला लागली होती. “बाळ याच्या आधी बोलायला लागेल बघा.”

“मामा-भाचे मिळून शिकतील,” भाऊजी म्हणाले, आणि त्याच्या पानात अजून एक पोळी टाकली.

४

दुसऱ्या संध्याकाळी दातेरी सुरी. पहिल्याच ओढीला आवाज आला.

करकर असा. बारीक, भिंतीपलीकडून यावा तसा. शेजाऱ्यांकडे काही काम चाललं असेल म्हणून तो थांबला. आवाजही थांबला. त्याने हात पुढे नेला. करकर. हात मागे. शांत. तो तसाच उभा राहून स्वतःचा श्वास ऐकत राहिला. पलीकडे नळ वाहत होता, स्वयंपाकघरात ताई डबे लावत होती, सगळं रोजचं होतं.

दात्यांवरून वारा जातो तेव्हा शिट्टी वाजते, करकर वाजत नाही. हे त्याला कळत होतं. पण पातं नवीन आहे, तेल लावलेलं आहे, नव्या वस्तूंचे काहीबाही आवाज येतात, हेही त्याने मानून घेतलं. आणि सांगितलेलं काम अर्धं सोडायचं नाही, ही त्याची लहानपणापासूनची खोड. चाळिसाव्या वेळी हाताला ताण जाणवू लागला. जे अडत होतं ते सैल नव्हतं. ते वरून खाली ताणलेलं होतं.

त्याने पन्नास पुरे केले.

टोळीची एक रीत होती. सकाळी उतरायच्या आधी जोडीदाराने जोडीदाराचा दोर तपासायचा. मोजे काढून, डोळे मिटून, सगळा दोर चिमटीतून ओढत न्यायचा. डोळ्यांना न दिसणारं बोटांना सापडतं. तिसऱ्या सकाळी तो भाऊजींचा लाल दोर असा चिमटीतून नेत होता. कठड्याच्या खाली दोन हातांवर त्याची बोटं थांबली.

बारीक चिरा होत्या. एकीखाली एक, फणीच्या दातांसारख्या. त्याने पांढरा दोर घेतला. त्याच उंचीवर, तशाच. किती आहेत ते त्याने मोजलं नाही.

“भाऊजी,” तो म्हणाला. आवाज इतका वेगळा निघाला की सगळेच वळले.

मुकादमाने दोर उन्हात धरून बघितला. “हे घासलेलं नाही. घासला की कापूस निघतो. हे कापलेलं आहे.”

दोर रात्री गच्चीवरच्या खोलीत असायचे आणि किल्ली मुकादमाकडे. सगळ्यांना आपापल्या सुऱ्या खाली ठेवायला लावल्या. चौघांनी अजून घेतल्याच नव्हत्या. पाचव्याची एक होती, पाकिटातून न काढलेली. सहावा मुक्या, त्याच्या दोन होत्या.

“मुक्याकडे दोन दोन,” कोणीतरी म्हणालं. “एक जेवायला, एक वाढायला?”

हसू आलं आणि लगेच विरलं. मुकादम त्याच्याकडे बघत राहिला. मुक्या सांगणार काय? घरी हवेत सुरी फिरवतो म्हणून?

“डोकं चालवा जरा,” भाऊजी शांतपणे म्हणाले. “त्याने कापला असता तर त्यानेच शोधून दाखवला असता का? माझा मेहुणा आहे तो. मी रोज त्याने तपासलेल्या दोरावर बसतो आणि उद्याही बसणार.”

“बस,” मुकादम म्हणाला. “पण पुन्हा असं दिसलं तर टोळीत एकालाही ठेवणार नाही. पोलिसांना बोलावीन.”

भाऊजींना नवे दोर मिळाले.

५

त्याच संध्याकाळी तो दोन्ही सुऱ्या घेऊन दुकानात गेला. बाईंनी चष्मा लावून पाती उजेडात धरली.

“काय कापलंस?”

“काही नाही.”

त्यांनी नखाने दातेरी पात्याच्या फटीतून एक तंतू ओढून काढला आणि फडक्यावर ठेवला. लाल होता. “काही नाही म्हणे.”

“कामावर चिकटला असेल,” तो म्हणाला. आणि खरंच, दिवसभर दोरांत वावरणाऱ्या माणसाच्या कपड्यांना तंतू चिकटतातच. घरी येईपर्यंत त्याला हे पटलंही होतं. दोर कोणीतरी कापला. कोणी ते कळलेलं नाही. खोलीत पातं अडलं. खांद्यामुळे. या दोन गोष्टी त्याला एकमेकींजवळ ठेवायच्या नव्हत्या.

बाईंनी त्याला तिसरी सुरी दिली होती. “तुला चुळबूळ करायची सवय दिसते. ही घे. आकड्यासारखं पातं आहे, धार आतल्या बाजूला. हवेत कितीही फिरव, काही होत नाही. दोर आकड्यात सापडला आणि ओढलं तरच कापते.”

हवेत काही होत नाही, हेच त्याला हवं होतं. तरी चार दिवस त्याने ती म्यानातून काढली नाही. रविवारी दुपारी लख्ख ऊन मागच्या खोलीच्या फरशीवर पडलं होतं. स्वयंपाकघरात ताई आणि भाऊजी बाळाच्या नावावरून भांडत होते, आणि भाऊजी मुद्दाम वेडीवाकडी नावं सुचवून तिला हसवत होते. उद्या सोमवार, सुरी कमरेला दिसायला हवी. एकदाच बघू, त्याने ठरवलं. एकदा मोकळी गेली की मनातलं सगळं जाईल. उजेडात, डोळे उघडे ठेवून.

सुरी काढली, छातीच्या उंचीवर धरली, आणि ओढली.

आकडा अडकला.

त्याने हात तिथेच थांबवला. पात्याच्या आकड्यात काही नव्हतं, आकड्यातून पलीकडचं कपाट दिसत होतं. पण हात पुढे जात नव्हता. मुठीतून एक कंप येत होता, अगदी ओळखीचा. दोरावर माणूस बसलेला असला आणि तो डावीकडून उजवीकडे झुलत काच पुसत असला, की दोर असा थरथरतो. वर गच्चीवर उभं राहून दोराला नुसता हात लावला तरी खालचा माणूस दमलाय की ताजा आहे ते कळतं.

त्याने बोटं सोडली. सुरी पडली नाही. एक श्वास घेईपर्यंत ती तशीच हवेत, तिरपी, हळूहळू झुलत राहिली.

मग ती खालून ओढल्यासारखी हलली. दोनदा लांब, एकदा आखूड. हा टोळीचा इशारा होता, आणि आखूड ओढ इतकी झटकन फक्त भाऊजी द्यायचे. अर्थ असा की सगळं ठीक आहे, मी बसलोय, तू आहेस ना वर?

स्वयंपाकघरातून भाऊजींच्या हसण्याचा आवाज येत होता.

सुरी ओढून काढली तर कापणार. त्याने मूठ दोन्ही हातांनी धरली आणि आकडा इकडे ना तिकडे, नुसता मागे सारत, केसाएवढा केसाएवढा सोडवू लागला. घाम डोळ्यांत गेला. शेवटी आकडा सुटला, आणि सुटता सुटता दोराच्या आत काहीतरी तुटलं. टक्. एकच.

स्वयंपाकघरातलं हसणं थांबलं.

“काय झालं हो?” ताईचा आवाज.

“काही नाही,” भाऊजी म्हणाले. मग थोड्या वेळाने, “पोटात एकदम खड्डा पडल्यासारखं झालं. कठड्यावरून पहिल्यांदा पाय सोडतो ना, तसं. बसलोय तर खुर्चीवर.”

६

संध्याकाळी भाऊजी जिन्याच्या पायरीवर बसून कामाचे बूट पुसत होते. तो त्यांच्या दोन पायऱ्या वर बसला.

“उद्या नका जाऊ,” तो म्हणाला.

भाऊजींनी बूट खाली ठेवला. “का?”

“दोर.”

“अरे, दोर नवे कोरे आहेत. कालच तू तपासलेस.”

“मिळाले तेव्हा चांगले होते. काल चांगले होते. उद्याचं सांगता येत नाही.”

“तू एका दमात तीन वाक्यं बोललास,” भाऊजी म्हणाले. मग त्याचा चेहरा बघून त्यांचं हसू उतरलं. “हे बघ मेहुणे. त्या दिवशी सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं, ते तुला लागलंय. मला कळतं. पण मी उद्या गेलो नाही तर ते म्हणतील, याचा स्वतःच्या मेहुण्यावर भरवसा नाही. मग तुला या कामात कोण उभं करेल?”

“नाही केलं तरी चालेल.”

“मला नाही चालणार.” ते पुन्हा बूट घासू लागले. “आणि बाविसाव्या मजल्यावरून सुरुवात आहे. सकाळचं ऊन त्या बाजूला फार छान येतं. तुलाही आवडेल.”

सगळं सांगून टाकावं असं त्याच्या ओठांपर्यंत आलं. सुरी हवेत लटकली होती, तुम्ही तिच्या खाली होता. पण ते ऐकून भाऊजी काय करणार होते? कुठला दोर बदलणार होते? गच्चीवरचे दोर कोणीही बदलू शकत होतं. खोलीतल्या दोराला गाठही मारता येत नव्हती. आणि तो कापला होता त्यानेच, शंभर वेळा आणि वर एकदा, कोणी सांगितलं म्हणून, मन लावून.

“पोट दुखतंय,” तो एवढंच म्हणाला.

“मग उद्या तू घरी थांब,” भाऊजी म्हणाले. “मुकादम येईल माझ्या जोडीला. त्यालाही जरा हात चालवायला मिळेल.”

७

सकाळी सात वाजता भाऊजी गेले. ताईने दारातून त्यांना डबा दिला.

त्याने तिन्ही सुऱ्यांचा विचार केला नाही. साधी आणि दातेरी दुकानात होत्या, आकडी कपाटाच्या तळाशी कपड्यांखाली. त्याने पट्टा अंगात चढवला, तो कशाला अडकवायला जागा नव्हती तरी चढवला. मोजे घालायला घेतले आणि परत काढून ठेवले. बोटांना मोज्यांतून कळलं नसतं.

मग पलंग आणि कपाटाच्या मधे उभा राहून त्याने उघड्या हातांनी हवा चाचपली. साडेआठपर्यंत काही लागलं नाही. पावणेनऊला बोटांना काहीतरी सैल, थंड लागलं. कठड्यावरून दोर सोडले की ते असेच पहिल्यांदा वाऱ्यावर हलतात. दोन होते, चार बोटांवर. त्याने एकेक चिमटीत धरून छातीच्या उंचीपर्यंत बोटं नेली. पहिला अर्ध्याहून जास्त गेलेला होता. दुसऱ्याची वरची साल सगळी फाटली होती आणि आतली एकच लड राहिली होती, करंगळीपेक्षा बारीक.

बसण्याचा पांढरा दोर नेमका हाच होता.

टोळीत पहिल्या दिवशी सांगतात की दोर कधीही हाताला गुंडाळायचा नाही. ताण आला की हाड जातं. त्याने तो चिरेच्या वर डाव्या हाताला तीन वेढे घेऊन गुंडाळला, आणि चिरेच्या खाली उजव्या हाताला तीन. हात जवळ आणले, छातीशी धरले.

“अरे, पोटाला शेक देऊ का?” ताई दाराबाहेर होती. दाराची कडी वाजली.

“ताई, दार उघडू नकोस.”

“का रे? आवाज असा का येतोय तुझा?”

“बरा आहे मी. दुपारी उघड.”

मग तिची जड पावलं स्वयंपाकघराकडे गेली.

नऊ वाजून दहा मिनिटांनी उजव्या हाताला ओढ लागली. आधी हलकी, पाय चाचपत उतरणाऱ्या माणसाची. मग सगळं वजन आलं. मनगटातली कातडी पांढरी पडली आणि खांद्यात काहीतरी सरकलं. त्याने पाय पलंगाच्या लोखंडी पायाला रोवले.

खालून इशारा आला. त्याच्याकडे उत्तर द्यायला मोकळा हात नव्हता. मग झुलणं सुरू झालं, डावीकडून उजवीकडे, सावकाश, मन लावून काच पुसणाऱ्या माणसाचं. बाविसाव्या मजल्यावरून खाली यायला भाऊजींना तीन तास लागायचे.